मुखाची पाकी : मिस्वाक, मिश्री आणि आपली जबाबदारी

कुरआनच्या सूरह अल्-बलदमध्ये (आयत ८ व ९) अल्लाह मनुष्याला त्याच्यावर केलेल्या उपकारांची आठवण करून देतो. दोन डोळे, एक जीभ आणि दोन ओठ त्याला कोणी दिले, असा त्या आयतींचा आशय आहे. येथे मुखाचा उल्लेख डोळ्यांच्या बरोबरीने आला आहे, ही बाब विचार करण्यासारखी आहे. डोळ्यात कुसळ गेले तर आपण त्याच दिवशी दवाखाना गाठतो. दाढ दुखू लागली तर मात्र लवंग दाबून धरतो आणि महिनोन्‌महिने काढतो. दोन्ही देणग्या एकाच दात्याच्या असताना एकीची काळजी आणि दुसरीची हेळसांड का, हा या धड्याचा विषय आहे.

मदरशात तजवीद शिकताना आम्हाला अक्षरांच्या उच्चारस्थानांआधी दातांची नावे पाठ करावी लागत. समोरचे चार सनाया, त्यांच्या शेजारचे चार रबाइयात, चार सुळे म्हणजे अनयाब आणि उरलेल्या वीस दाढा म्हणजे अजरास. या विसांतही चार जवाहिक, बारा तवाहिन आणि चार नवाजिज. एकूण बत्तीस. त्या वयात हे पाठांतर आम्हाला कंटाळवाणे वाटे. पुढे ध्यानात आले की दातांवाचून किराअत नाही. ‘से’, ‘ज़ाल’ आणि ‘ज़ो’ ही अक्षरे जिभेचे टोक वरच्या सनायांच्या कडेला लागल्यावाचून उमटत नाहीत. ‘फे’साठी खालच्या ओठाची आतली बाजू त्याच दातांच्या कडेला टेकावी लागते. ‘ज़ाद’साठी जिभेची कड वरच्या दाढांना भिडावी लागते. ज्या मुखाने अल्लाहचे कलाम वाचायचे, त्या मुखाची रचनाच या इल्मचा पहिला धडा आहे.

आज आष्टीच्या मकतबात मुलांना हीच अक्षरे शिकवताना मला नवी अडचण येते. एखाद्या मुलाच्या पुढच्या दातांचे काळे खुंट उरलेले असतात आणि ‘से’चा ‘सीन’ होतो. सुपारीच्या पुड्या चघळणारा एखादा मोठा मुलगा तोंड पुरते उघडू शकत नाही आणि लांबवायचा स्वर त्याच्या ओठांतच अडकतो. हे पाहिल्यावर मला वाटले, की दातांविषयी बोलणे हे केवळ डॉक्टरांचे काम नाही. ते इमामाचेही काम आहे.

एक कबुली

धड्यापूर्वी मला एक कबुली दिली पाहिजे. माझ्या अम्मी तरुणपणी ऊसतोडीला जात. दसरा-दिवाळी झाली की आमच्या तालुक्यातील कित्येक घरांना कुलपे लागतात आणि कुटुंबेच्या कुटुंबे पाच-सहा महिन्यांसाठी साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. पहाटे तीनला उठायचे, काळोखात फड गाठायचा, मोळ्या बांधायच्या आणि दुपारी भाकरी खायची. त्या दिवसांत सोबतच्या बायकांकडून अम्मींना मिश्रीची सवय लागली. कोपीतल्या चुलीवर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, कुटून डबीत भरायची आणि पहाटे बोटाने दातांना लावायची. अम्मी म्हणत, “मिश्री लावली की भूक मरते आणि दाढही दुखत नाही.”

दहा वर्षांचा असताना मी त्यांच्यासाठी दुकानातून तंबाखूची पुडी आणत असे. पुढे मदरशाच्या सुट्टीत घरी आलो तरी आणत असे. इमाम झाल्यावर मी जुम्याच्या बयानात मिस्वाकच्या सुन्नतवर अनेकदा बोललो. माझ्या कुर्त्याच्या खिशात मिस्वाक होती आणि आमच्या घरातील कोनाड्यात मिश्रीची डबी होती. आईला काय सांगायचे, या संकोचात वर्षे गेली. एका रमजानमध्ये इफ्तारच्या वेळी सालनचा पहिलाच घास घेताच त्यांनी तोंडावर हात ठेवला. तिखटाने आग होत होती. गालाच्या आत पांढरा चट्टा होता. नगरला तपासणी झाली. तो कर्करोग नव्हता, अल्हम्दुलिल्लाह. पण त्या वाटेवरचा चट्टा होता आणि मिश्री त्याच दिवशी सोडणे आवश्यक होते. परतीच्या एस.टी.त अम्मी मला म्हणाल्या, “बेटा, तू मस्जिदीत एवढं सगळ्यांना सांगतोस, मला कधी का नाही सांगितलंस?”

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. हा लेख त्या प्रश्नामुळे लिहिला आहे.

मिस्वाकची सुन्नत : लाकूड आणि हेतू

मुखाच्या स्वच्छतेविषयीच्या हदीस पुष्कळ आहेत आणि त्यांतील महत्त्वाच्या हदीस बुखारी व मुस्लिम यांसारख्या प्रमाण संग्रहांत आहेत. ह. अबू हुरैरा (रजि.) यांच्या कथनानुसार, उम्मतला कष्ट होतील ही काळजी नसती, तर प्रेषित मुहम्मद (स.) यांनी प्रत्येक नमाजच्या वेळी मिस्वाक करण्याची आज्ञाच दिली असती. ह. आयेशा (रजि.) सांगतात, की मिस्वाकमुळे मुख पाक होते आणि रब प्रसन्न होतो, असे प्रेषितांनी शिकवले. घरात पाऊल ठेवल्यावर प्रेषित (स.) सर्वप्रथम काय करीत, असे त्यांना विचारले असता त्यांनी मिस्वाक असे उत्तर दिले. रात्री तहज्जुदसाठी उठल्यावरही ते मिस्वाकने मुख स्वच्छ करीत, हे ह. हुजैफा (रजि.) यांनी नोंदवले आहे. ह. अबू मूसा अशअरी (रजि.) यांनी तर मिस्वाक प्रेषितांच्या जिभेवर फिरत असताना पाहिली आणि त्या वेळचा आवाजही सांगितला. म्हणजे जीभ स्वच्छ करणे हाही या सुन्नतचा भाग आहे.

या सर्वांत हृदयाला भिडणारी घटना प्रेषितांच्या अखेरच्या घटकांची आहे. त्यांचे मस्तक ह. आयेशा (रजि.) यांच्या छातीशी टेकलेले होते. इतक्यात त्यांचे बंधू ह. अब्दुर्रहमान (रजि.) हातात ओली मिस्वाक घेऊन आत आले. प्रेषितांची दृष्टी त्या काडीवर खिळली. ह. आयेशांनी विचारले, घेऊ का? त्यांनी मान हलवली. तेव्हा त्यांनी ती काडी आपल्या दातांनी मऊ करून दिली आणि प्रेषितांनी पूर्वी कधी केली नसेल इतक्या निगुतीने मिस्वाक केली. रबच्या भेटीस निघालेल्या माणसाने मुख स्वच्छ करून घेतले. आपण दिवसातून पाच वेळा त्याच रबसमोर उभे राहतो.

आता या सुन्नतचे दोन भाग समजून घेतले पाहिजेत. एक भाग लाकडाचा आणि दुसरा हेतूचा. अरबस्तानात पिलूच्या, म्हणजे ‘अराक’ झाडाच्या, मुळीची वा फांदीची काडी वापरत. तिच्यात जंतूंना रोखणारे घटक असतात आणि तिचे तंतू कुंचल्यासारखे सुटतात. जागतिक आरोग्य संघटनेनेही १९८६ मध्ये, जेथे मिस्वाकची प्रथा आहे तेथे तिच्या वापराची शिफारस केली होती. आपल्याकडे कडुनिंब, बाभूळ आणि करंज यांच्या काड्या बांधावर मिळतात. हनफी फिकहच्या ग्रंथांनुसार काडी करंगळीएवढी जाड आणि सुरुवातीला वीतभर लांब असावी, दातांवर आडवी व जिभेवर उभी फिरवावी. काडी नसेल तर बोटाने दात चोळले तरी सुन्नतचा हेतू काही अंशी साध्य होतो, असेही ते ग्रंथ सांगतात.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. हेतू स्वच्छतेचा आहे. जुनाट, काळवंडलेली, आठवडाभर खिशात पडलेली काडी दोनदा पुढच्या दातांवरून फिरवली, तर सुन्नतची खूण राहते, पण तिचे काम होत नाही. रोज टोक कापून नवे तंतू काढावेत. एकाची काडी दुसऱ्याने वापरू नये. हिरड्यांवर जोर देऊ नये. काडी दाढांच्या आतल्या बाजूला सहज पोहोचत नाही, म्हणून रात्री झोपण्यापूर्वी ब्रशने दात घासावेत. ब्रश वापरल्याने सुन्नतचा अनादर होत नाही. वुजूच्या वेळी मिस्वाक आणि सकाळ-रात्र ब्रश, असे दोन्ही एकाच घरात नांदू शकतात.

दात कसे किडतात?

दातांवर दिवसभर एक चिकट थर साचतो. त्यात जंतू असतात. आपण गोड खाल्ले की हे जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दाताच्या कठीण आवरणातील खनिजे विरघळवू लागते. लाळ ही हानी हळूहळू भरून काढते. पण तिला वेळ मिळाला पाहिजे. म्हणून किती गोड खाल्ले यापेक्षा किती वेळा खाल्ले, याला अधिक महत्त्व आहे. जेवणानंतर एकदा खीर खाणारा मुलगा आणि दिवसभर चॉकलेट व गोळ्या चघळणारा मुलगा यांत दुसऱ्याचे दात लवकर किडतात. दिवसातून सात-आठ वेळा गोड चहा पिणाऱ्या मोठ्या माणसांनाही हेच लागू आहे. फडावर जाणारी मुले दिवसभर उसाचे कांडे चोखतात, त्यांच्या दातांना तर आम्लापासून उसंतच मिळत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगातील सुमारे ३५० कोटी लोकांना तोंडाचा कोणता ना कोणता आजार आहे. यांतील बहुतेक आजार टाळता येण्यासारखे आहेत. त्यासाठीचे उपाय साधे आहेत. दिवसातून दोनदा फ्लोराइडयुक्त पेस्टने दात घासावेत. लहान मुलांना तांदळाच्या दाण्याएवढी, त्याहून मोठ्यांना वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. रात्री घासल्यानंतर पाण्याशिवाय काही घेऊ नये. तान्ह्या बाळाच्या तोंडात साखर घातलेल्या दुधाची बाटली ठेवून त्याला झोपवू नये. हिरड्यांतून रक्त आले म्हणून घासणे बंद करू नये. साचलेल्या थरामुळेच बहुधा ते रक्त येते. मधुमेह असणाऱ्यांनी हिरड्यांची अधिक काळजी घ्यावी, कारण हे दोन आजार एकमेकांना वाढवतात.

मातांनी एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. मूल सहा वर्षांचे होताना दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते. दुधाचा कोणताही दात न पडता ती येते, म्हणून अनेक घरांत तिलाही दुधाचीच समजून दुर्लक्ष होते. ती कायमची दाढ असते. ती गेली की पुन्हा येत नाही.

मिश्री, मावा आणि पुडी

२०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के आढळले, तर तोंडात ठेवण्याची वा चघळण्याची तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. म्हणजे आपल्या राज्यात तंबाखूचा प्रश्न मुख्यतः मुखाचा प्रश्न आहे. चौघांमागे जवळपास एक जण. आपली जमाअतही याला अपवाद नाही. वुजूच्या हौदाजवळची लाल पिचकारी याची साक्ष देते.

मिश्रीला अनेक भगिनी व्यसन मानत नाहीत, दंतमंजन मानतात. येथेच मोठा घोटाळा आहे. तंबाखू भाजली म्हणून तिचे विष जात नाही. दाढदुखी थांबल्यासारखी वाटते, पण कीड आत वाढतच असते. केंद्र सरकारने १९९२ मध्ये तंबाखूयुक्त टूथपेस्ट आणि दंतमंजनांच्या उत्पादनावर व विक्रीवर बंदी घातली. परंतु चुलीवर भाजलेल्या मिश्रीपर्यंत कोणताही कायदा पोहोचत नाही. तेथे घरातील माणूसच पोहोचू शकतो.

गुटख्यावर महाराष्ट्रात जुलै २०१२ पासून बंदी आहे. तरीही पुडी मिळते, आणि जेथे ती मिळत नाही तेथे सुपारी, तंबाखू व चुना एकत्र घोटलेला मावा मिळतो. काही जण समाधान मानतात, की आम्ही तंबाखू खात नाही, नुसती सुपारी खातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच सुपारी स्वतः कर्करोगकारक असल्याचे जाहीर केले आहे. सुपारीमुळे गालाच्या आतले अस्तर ताठ होत जाते आणि तोंड उघडेनासे होते. भारतात एका वर्षात तोंडाच्या कर्करोगाचे एक लाखाहून अधिक नवे रुग्ण आढळतात.

शरीअतच्या दृष्टीने पाहू. तंबाखू भारतात पोर्तुगिजांबरोबर आली, म्हणून प्राचीन फिकह-ग्रंथांत तिचे नाव नाही. नंतरच्या उलमांत मतभेद झाले. कोणी तिला मुबाह म्हटले, कोणी मकरूह, तर कोणी हराम. ज्यांनी सौम्य मत दिले, त्यांच्यासमोर आजचे वैद्यकीय ज्ञान नव्हते. स्वतःच्या हातांनी स्वतःला विनाशात लोटू नये, ही कुरआनची शिकवण आहे (सूरह अल्-बकरा, आयत १९५). स्वतःला हानी करू नये आणि दुसऱ्यालाही करू नये, हा हदीसमधून आलेला फिकहचा मूलभूत नियम आहे. हानी निर्विवाद ठरल्यानंतर आज जगभरातील अनेक मुफ्ती तिचे सेवन नाजायज मानतात. आणि जो केवळ मकरूह या शब्दाचा आधार घेतो, त्याने स्वतःला विचारावे, की मकरूह म्हणजे अल्लाहला नापसंत. रोज वीस वेळा नापसंत गोष्ट तोंडात ठेवून आपण कोणत्या मुखाने दुआ मागतो? कच्चा लसूण किंवा कांदा खाऊन मस्जिदीत येऊ नये, कारण ज्या वासाचा माणसांना त्रास होतो त्याचा फरिश्त्यांनाही होतो, असे प्रेषितांनी सांगितले आहे. कांदा तर हलाल अन्न आहे. मग मावा खाऊन सफमध्ये उभे राहणाऱ्याचे काय?

आपल्यातील काही बंधू टपरी चालवतात. त्यांच्या घरची चूल त्यावर पेटते, हे मी जाणतो. त्यांना दूषण देणे सोपे आहे. पण गुनाहच्या कामात एकमेकांना साह्य करू नका, ही आज्ञा (सूरह अल्-माइदा, आयत २) त्यांच्यासाठीही आहे आणि त्यांच्याकडून मस्जिदीसाठी देणगी घेणाऱ्या आपल्यासाठीही आहे. निदान एवढे आजपासून व्हावे, की अठरा वर्षांखालील कोणालाही पुडी द्यायची नाही. २००३ च्या कायद्यानेही अशी विक्री गुन्हा आहे आणि शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकणेही गुन्हा आहे. “अब्बांनी मागवली आहे,” असे मूल म्हणाले तरी देऊ नये. मी स्वतः तसे म्हणणारे मूल होतो.

वारंवार विचारल्या जाणाऱ्या शंका

*दातात सिमेंट भरले किंवा टोपी बसवली तर गुस्ल होत नाही का?* या गैरसमजापायी अनेकांनी वाचवता येणारे दात गमावले आहेत. हनफी मतानुसार गुस्लमध्ये कुळ्ला करणे फर्ज आहे, हे खरे. परंतु पक्के बसवलेले सिमेंट वा टोपी दाताचाच भाग ठरते. तिच्याखाली पाणी पोहोचवणे आवश्यक नाही. वुजू आणि गुस्ल दोन्ही सही होतात. काढता-घालता येणारी कवळी मात्र गुस्लच्या वेळी काढावी. कोकणातील आपले बहुतेक बंधू शाफई आहेत. त्यांच्या मतानुसार गुस्लमधील कुळ्ला सुन्नत आहे, त्यामुळे त्यांना ही शंका यायलाच नको.

*दातांच्या उपचारात धातू चालतो का?* ह. अरफजा (रजि.) यांचे नाक अल्-कुलाबच्या लढाईत कापले गेले होते. त्यांनी चांदीचे नाक बसवले, त्याला दुर्गंधी येऊ लागली, तेव्हा प्रेषितांनी त्यांना सोन्याचे बसवण्यास अनुमती दिली. याच हदीसच्या आधारे फिकहच्या विद्वानांनी दात बांधण्याची चर्चा केली आहे. गरजेचा उपचार आणि शोभेसाठी दात घासून फटी पाडणे यांत शरीअत फरक करते. पहिल्याला अनुमती आहे, दुसऱ्याला मनाई आहे. वाकडे दात चावण्यास अडथळा करीत असतील तर तार लावून सरळ करणे हा उपचार आहे.

*हिरडीतून रक्त आले तर वुजू राहते का?* हनफी मतानुसार थुंकीत रक्ताचा रंग प्रबळ असेल, म्हणजे ती लालसर दिसत असेल, तर वुजू तुटते. फिकट पिवळसर असेल तर तुटत नाही. शाफई मतानुसार रक्ताने वुजू तुटत नाही, पण मुख धुऊन घ्यावे.

*रोजात काय करावे?* हनफी मतानुसार रोजात दिवसभर केव्हाही मिस्वाक करता येते. शाफई मतानुसार दुपार ढळल्यानंतर ती मकरूह आहे. पेस्ट रोजात टाळावी. सहरी संपण्यापूर्वी आणि इफ्तारनंतर ब्रश करावा. खजूर आणि सरबत यांनी रोजा सोडल्यावर मगरिबच्या नमाजपूर्वी चांगला कुळ्ला करावा. हिरडीत सुन्न करण्याचे इंजेक्शन घेतल्याने रोजा तुटत नाही, पण रक्त वा औषध घशाखाली उतरण्याचा धोका असतो, म्हणून शक्य तेथे रात्रीची वेळ घ्यावी. वेदना असह्य असेल तर उपचार लांबवू नये. आजाऱ्याला नंतर कजा करण्याची सवलत कुरआननेच दिली आहे. रोजात मिश्री लावणे मात्र रोजा धोक्यात घालणे आहे. तिचा अंश थुंकीबरोबर पोटात गेला की रोजा गेला.

*स्त्रियांनी पुरुष डॉक्टरला तोंड कसे दाखवावे?* स्त्री डॉक्टर जवळ असेल तर तिच्याकडे जावे. नसेल तर गरजेपुरते मुख दाखवण्यास अनुमती आहे, सोबत घरचे माणूस असावे. पर्द्याच्या नावाखाली आजार लपवणे हा पर्दा नव्हे. अल्लाहने असा एकही आजार उतरवला नाही ज्याचा इलाज उतरवला नाही, हे प्रेषितांनी सांगितले आहे. इलाज शोधणे आपल्याकडे सोपवलेले आहे.

मस्जिद, मकतब आणि घर

एकट्याने आपले दात घासावेत, एवढ्याने हा प्रश्न सुटत नाही. जे मूल सहा महिने फडावर असते, ते शाळेतील आरोग्य तपासणीलाही मुकते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळा-अंगणवाडीत येते, मुलांचे दातही पाहते. पण मूल तेथे नसेल तर काय पाहणार? म्हणून जमाअतने हे काम अंगावर घ्यावे. ते कठीण नाही.

१. मुकादमाचा ट्रक दारात येण्यापूर्वी, म्हणजे दसऱ्याच्या आधी, मकतबातील सर्व मुलांचे दात सरकारी रुग्णालयातून वा दंतवैद्याला बोलावून तपासून घ्यावेत. दुखणारी दाढ सोबत घेऊन कोणी फडावर जाऊ नये.

२. कोयता, तवा आणि पीठ बांधताना प्रत्येक माणसागणिक एक ब्रश व एक पेस्टही बांधावी. ज्यांना परवडत नाही, त्यांना जमाअतने द्यावी. हा फार मोठा खर्च नाही.

३. मकतबात सबक सुरू होण्यापूर्वी मुलांनी कुळ्ला करून बसावे. उस्तादने मुलांना मिस्वाक करून दाखवावी. केवळ सांगू नये.

४. मस्जिदीच्या आवारात मावा, तंबाखू व पुडी नसावी. नियम मुतवल्लींपासून आणि इमामापासून सुरू व्हावा.

५. महिन्यातून एकदा घरातील प्रत्येकाने आरशासमोर उजेडात तोंड तपासावे. दोन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा वा लाल चट्टा, गाठ, तिखटाने होणारी आग, किंवा तीन बोटे उभी मावतील इतके तोंड न उघडणे, यांपैकी काहीही आढळले तर त्याच आठवड्यात डॉक्टरकडे जावे. आपल्या जिल्ह्यात अंबाजोगाईला वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय आहे.

६. तंबाखू सोडू इच्छिणाऱ्याला एकटे सोडू नये. १८००-११-२३५६ या विनामूल्य राष्ट्रीय क्रमांकावर सल्ला मिळतो. पहिले काही दिवस चिडचिड होते, झोप लागत नाही. त्या दिवसांत घरच्यांनी टोमणे न मारता धीर द्यावा. रमजान ही यासाठी उत्तम संधी आहे. जो चौदा तास राहू शकतो, तो चोवीस तासही राहू शकतो.

शेवटी

अम्मींनी मिश्री सोडली, पण एका दिवसात नाही. दोनदा डबी परत आली. एकदा मी रागावलो आणि ती माझी चूक होती. पुढे पहाटेच्या वेळी मी माझ्याबरोबर त्यांच्यासाठीही कडुनिंबाची काडी सोलून ठेवू लागलो. फजरच्या वुजूला आम्ही दोघे ओसरीवर बसतो. सहा महिन्यांनी तपासणीला जावे लागते आणि प्रत्येक वेळी माझ्या मनात तीच धास्ती असते. त्यांचा चट्टा पुष्कळ कमी झाला आहे. पूर्ण गेलेला नाही.

कियामतच्या दिवशी प्रत्येक देणगीविषयी विचारले जाईल, अशी सूरह अत्-तकासुर आपल्याला बजावते. मुखाविषयी विचारणा होईल तेव्हा आपण काय बोललो, काय खाल्ले, हे तर विचारले जाईलच. पण घरातील दुसऱ्याचे मुख जळताना दिसत असूनही आपण गप्प का राहिलो, हेही विचारले जाईल, असे मला वाटते. तुमच्या घरातील कोनाड्यात अशी डबी असेल, तर हा लेख मिटून आधी तेथे जा. ती फेकण्यासाठी नव्हे. जिची ती डबी आहे, तिच्याजवळ बसण्यासाठी.

अल्लाह आमची मुखे पाक ठेवो, त्यांतून सत्य आणि त्याचे स्मरण निघो, आणि आमच्या माता-पित्यांना आरोग्य देवो. आमीन.